किनाऱ्यालगतच्या पी-वे (रेल्वेच्या रूळमार्गाच्या) डेपोत नवीन आलात? पहिल्या वर्षात एवढं शिकून घ्या

कोकण रेल्वेच्या लाईनवर ट्रॅकमन म्हणून, म्हणजे रुळांच्या देखभालीला, नव्याने आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "पावसाळ्यात खूप त्रास होतो काय हो?" त्रास होतो. पण किती होणार, हे जूनमध्ये ठरत नाही. दिवाळीचे कंदील उतरले की कामाला लागायचं आणि मे महिन्याच्या अखेरीला हात झटकून उभं राहायचं, अशी या लाईनची रीत आहे. तेवढ्या सहा-सात महिन्यांत जे गटार साफ झालं, जो सुटा धोंडा खाली काढला, ती लाईन पावसात तरते.

हे सांगताना मला दोन तारखा आठवतात. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर गाडी गेली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावरून उतरली, तिथेही कारण कटिंगमधून, म्हणजे लाईनसाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीतून, आलेले धोंडेच. दोन्ही तारखा जूनमधल्या आहेत. पाऊस नुकताच लागलेला असतो, डोंगराने वर्षाचं पहिलं पाणी प्यायलेलं असतं, आणि आपण अजून 'यंदा बघू कसा पडतो' म्हणत असतो. नवीन माणसाने या तारखा पाठ कराव्यात, असं मला मनापासून वाटतं.

मी गँगमध्ये लागलो, कीमन (रोज चालत लाईन तपासणारा) झालो, मग गँगचा मुकादम. खाली लिहिलंय ते एखाद्या छोट्या डेपोत रुजू होणाऱ्या माणसासाठी आहे.

पहिला आठवडा: डेपो आणि वही

छोटा डेपो म्हणजे स्टेशनच्या एका टोकाला साहेबांचं ऑफिस, शेजारी स्टोअर आणि हत्यारांची खोली, ग्रीस-तेलाची वेगळी शेड, गँगला बसायला एक खोली, ढकलट्रॉली ठेवायची जागा आणि अंगणात रूळ, स्लीपर, खडीचे ढीग. एसएसई (सिनियर सेक्शन इंजिनिअर) साहेब वरच्या बाजूला, त्यांच्या हाताखाली ज्युनिअर इंजिनिअर, मग मेट म्हणजे आपला मुकादम, कीमन आणि ट्रॅकमन. साहेबांना साहेब म्हणा. मुकादमाला काका म्हणालात तर तो जास्त शिकवेल.

पहिल्या दिवशी हत्यारं हातात घेण्याआधी हत्यारांची वही बघा. सकाळी काय गेलं आणि संध्याकाळी काय आलं, हे त्यात लिहिलेलं असतं. पहारी किती, फावडी किती, जॅक, पाने, हातोडे, घमेली, रुळांमधलं अंतर मोजायचा गेज. नेताना मोजायचं, आणताना मोजायचं, आणि मोजणारा माणूस एकच ठेवायचा.

माझ्या पहिल्या वर्षात हे मोजणं माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी ढग भरून आले, घाई झाली आणि मी आकडा बरोबर आहे असं सांगून मोकळा झालो. मुकादम काका काही बोलले नाहीत. स्वतः एकेक पाना उचलून त्यांनी फरशीवर ओळीत मांडला आणि माझ्याकडे बघितलं. एक कमी होता. "मोजलंस की अंदाज केलास रे?" एवढंच विचारलं. त्यांनी स्टेशनला कळवलं, आम्ही दोघं टॉर्च घेऊन परत निघालो. पाना रुळाच्या आतल्या अंगाला, खडीवर आडवा पडलेला होता. गाडी यायला वेळ होता. येताना काकांनी मला पाना हातात धरून चालायला लावलं, पिशवीत टाकू दिला नाही. त्यानंतर मी कधी अंदाजाने आकडा सांगितला नाही.

खाऱ्या हवेचंही एक आहे. डेपोतलं लोखंड जमिनीवर टेकवून ठेवू नका, खाली लाकडाच्या फळ्या हव्यात. नवीन क्लिपांची पोती भिंतीला चिकटवून रचली तर पावसाळा संपेपर्यंत खालचा थर तांबडा झालेला दिसेल. पान्याच्या तोंडाला, जॅकच्या दात्यांना दर आठवड्याला तेलाचा हात फिरवा. डिटोनेटर, म्हणजे चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारे, ज्यांना आपण फटाके म्हणतो, त्यांचा डबा कोरड्या जागी ठेवा आणि झाकण घट्ट आहे ना, हे रोज बघा. बनवल्याचं वर्ष त्यावर छापलेलं असतं; जुना माल मागे राहून नवा वापरला जातोय का, याकडे लक्ष ठेवा.

बीट पायांनी पाठ करा

आपली लाईन रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे ७४० किलोमीटर. तुमच्या वाट्याला त्यातले पाच-सहा येतात, तोच तुमचा बीट. पहिल्या महिन्यात कीमनच्या मागे चाला. जाताना एका रुळाकडे, येताना दुसऱ्या रुळाकडे बघायचं. विजेच्या खांबावरचा आकडा वाचायला शिका: वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरमधला खांब. अडचण आली की फोनवर 'त्या वडाजवळ' सांगून भागत नाही, खांबाचा नंबर लागतो. तरीही मनात वड, पऱ्या (ओढा), मोरी (रुळाखालून पाणी जायची वाट), देवळाचा कळस यांची खूण ठेवाच. काळोख्या पावसात खांबाचा आकडा दिसत नाही, पऱ्याचा आवाज मात्र ऐकू येतो.

चालताना कान आणि मान दोन्ही हलती ठेवा. रोहा ते वीर सोडलं तर आपली लाईन बहुतेक एकेरी आहे, त्यामुळे गाडी कुठूनही येईल. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेचा झाला, तेव्हापासून गाडी पूर्वीसारखी लांबून घरघरत येत नाही. त्यात समुद्राचा वारा उलटा असला की जवळ येईपर्यंत चाहूल लागत नाही. काम करताना शिट्टीवाला माणूस वेगळा उभा केलेला असतो. त्याने दुसरं कुठलंच काम करायचं नसतं, पहारीला एक हातसुद्धा लावायचा नाही. त्याच्या हातात फावडं दिसलं तर तुम्ही नवीन असलात तरी बोला.

वरची तार २५ हजार व्होल्टची असते. तिच्यापासून दोन मीटरच्या आत माणूस जाता कामा नये आणि हत्यारही. लांब पहार किंवा लोखंडी नळी कधीही उभी धरून नेऊ नका, आडवी आणि खाली धरा.

क्लिप, लायनर आणि गंज

या लाईनवरचं सगळ्यात कंटाळवाणं काम हे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचंही हेच वाटतं. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी वाकवलेली क्लिप, तिला सगळे पॅन्ड्रोल म्हणतात. एका स्लीपरला चार. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर ६६४० क्लिपा होतात, सहा किलोमीटरच्या बीटमध्ये चाळीस हजारांच्या घरात. खारी हवा, बोगद्यातली ओल आणि पूर्वी डब्यांच्या संडासातून थेट पडणारं पाणी यांनी या क्लिपांचं आणि रुळाच्या पायाचं फार नुकसान केलं. बायो-टॉयलेट आल्यापासून शेवटचं कारण कमी झालं, पहिली दोन आहेतच.

क्लिप इन्सर्टच्या, म्हणजे स्लीपरमध्ये बसवलेल्या लोखंडी तुकड्याच्या, भोकात गंजून बसली की ती दाब धरते आहे की नुसती अडकली आहे, हे वरून कळत नाही. म्हणून गंज लागणाऱ्या पट्ट्यात वर्षातून एकदा प्रत्येक क्लिप काढून ग्रीस करायची. पद्धत अशी:

क्लिप काढायच्या अवजाराने ती सरळ मागे ओढा, घणाने वरून मारून उडवू नका. उडालेली क्लिप नडगी फोडते. काढल्यावर तारेच्या ब्रशने तिचा मधला पाय घासा, म्हणजे जो भोकात जातो तो. तांबडी पूड खाली पडेल आणि मग धातूचा करडा रंग दिसेल. तो दिसेपर्यंत थांबायचं नाही. इन्सर्टच्या भोकातही ब्रश फिरवा, आत वाळू आणि गंजाचा लगदा बसलेला असतो. मग ग्राफाइट ग्रीस पायाला आणि भोकाला लावा. लायनर, म्हणजे क्लिप आणि रूळ यांच्या मधली पट्टी, उचलून त्याखालचा रुळाचा पाय बोटाने चाचपा, हा सगळ्यात मोलाचा क्षण. बोट सरळ सरकलं तर ठीक. लायनरच्या कडेपाशी बोटाला खाच लागली तर तिथे लायनरने रूळ खाल्लाय. ती जागा खडूने खुणेची करून कीमनला दाखवा, वहीत लिहून घ्या. डोळ्याला न दिसलेली खाच बोटाला सापडलेली मी अनेकदा पाहिली आहे.

एका वेळी एकाच स्लीपरच्या क्लिपा काढायच्या. जास्त हात लावून दोन जागी काम चालू असेल, तर मधे किमान पंधरा स्लीपर पूर्ण कसलेले हवेत. जोडून लांब केलेल्या रुळांना आतून ताण असतो, क्लिपाच त्यांना धरून असतात. याच कारणाने एप्रिल-मेच्या दुपारी खडी उकरायची नाही. रुळावर लावलेला थर्मामीटर बघा, साहेबांनी ठरवून दिलेल्या तापमानाच्या वर गेला की ते काम बंद. काम संपल्यावर गेज लावून बघा, ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर.

कटिंग वाचायला शिका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कटिंगला वरून जांभा असतो. जांभा ताजा कापला की मऊ, हवा लागली की कडक होतो, म्हणून भिंत मजबूत वाटते. पण त्यात भोकं असतात. पाणी त्यातून सरळ खाली झिरपतं आणि खालच्या पांढरट-पिवळ्या चिकणमातीवर अडतं. ती माती फुगते, निसरडी होते आणि वरचा कडक जांभा घेऊन खाली येते. धोका समोरच्या भिंतीत कमी आणि तिच्या माथ्यावर जास्त असतो. म्हणून नुसतं रुळावरून वर बघून कटिंग कळत नाही. साहेबांच्या परवानगीने, मुकादमाबरोबर एकदा माथ्यावर चढून जा.

तिथे काय बघायचं ते सांगतो. माथ्यामागे पाणी अडवायला खणलेलं गटार असतं. त्याला तडा गेलाय का, पालापाचोळा आणि गुरांच्या पायाने पडलेली माती त्यात साठली आहे का? साठलेलं असेल तर पाणी त्या गटारातून वाहत नाही, मुरतं. म्हणजे ज्या पाण्याला बाहेर काढायला गटार खणलं, ते तेच आत सोडतंय. जमिनीत कडेला समांतर भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मधलं अंतर मोजून तारीख लिहा. आठवड्याने परत मोजा. अंतर वाढलं तर त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी नाही. झाडं सहसा सरळ वर वाढतात. एका ओळीतली झाडं लाईनकडे कललेली दिसली तर जमीन सरकते आहे.

खाली लाईनच्या बाजूचं गटार रोज काहीतरी सांगतं. पावसात नितळ पाणी असेल तर बरं. एकाएकी लाल गढूळ झालं, तर वर कुठेतरी माती सुटली. जिथे कधी झरा नव्हता तिथे भिंतीतून पाणी आलं, किंवा वर्षानुवर्षांचा झरा भर पावसात बंद झाला, तर आणखी वाईट: पाणी आत कोंडलंय. सेसवर, म्हणजे खडीच्या बाजूच्या पायवाटेवर, सकाळी नव्हते ते मुठीएवढे खडे दुपारी दिसले तर त्यांना लाथेने बाजूला सारू नका. वर बघा, ते कुठून आले शोधा. आणि पाऊस उघडला म्हणून निर्धास्त होऊ नका. मुरलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, ऊन पडल्यावरही दरड येते. १४ जुलै २०२४ ला विन्हेरे-दिवाणखवटी दरम्यान माती खाली आली, तेव्हा सगळी लाईन दिवसभराहून अधिक अडली होती.

मे संपायच्या आत करायची कामं मुकादम सांगेलच: गटारं उपसणं, सुटे धोंडे ब्लॉक घेऊन (तेवढा वेळ गाड्या थांबवून) खाली पाडणं, जाळ्या तपासणं, मोऱ्यांची तोंडं मोकळी करणं, मोठे दगड, खडी, वाळूची पोती ठरलेल्या जागी साठवणं. यातलं मोरीचं काम मन लावून करा. आत वाकून जावं लागतं म्हणून सगळे टाळतात. मोरी तुंबली की पाणी भरावाच्या पोटात शिरतं.

बोगदे आणि पूल

बोगद्यात शिरण्याआधी स्टेशनला विचारा, गाडी कुठे आहे. भिंतीत उभं राहायला खाचा ठेवलेल्या असतात. चालताना त्या मोजत जा, म्हणजे मागची जवळ की पुढची, हे काळोखात कळेल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे एका टोकाला ऊन असतं आणि मधे डिसेंबरातसुद्धा पाणी ठिबकत असतं. गळती रुळावर पडते की तारेवर, हे आवर्जून बघा. तारेजवळची गळती विजेच्या विभागाला लगेच कळवायची, स्वतः काठीने काही करायचं नाही.

पुलांचं खूप काही आता यंत्रं बघतात. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पूर कळवणारी यंत्रणा आहे, पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावतीवर वारा मोजणारी. पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, तिथे वारा काय असतो ते एकदा उभं राहिल्याशिवाय समजत नाही. तरी पुलाच्या खांबावर रंगवलेली धोक्याची रेघ तुम्हाला स्वतःला वाचता आली पाहिजे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा चिपळूण-कामथे दरम्यान गाड्या थांबवल्या होत्या. पूर ओसरल्यावर पुलापेक्षा पुलाच्या दोन्ही टोकांचा भराव आधी बघायचा, पाणी उतरताना तिथली माती ओढून नेतं.

रात्रीची गस्त

पावसाळी वेळापत्रक लागलं की गस्त सुरू होते, आणि नाजूक कटिंगमध्ये चोवीस तास पहारेकरी बसतो. गस्तीला निघताना पिशवी उलटी करून तपासा: तिरंगी टॉर्च, जादा सेल, लाल-हिरवे झेंडे, फटाके, शिट्टी, मोबाईल किंवा वॉकीटॉकी, नंबरचा बिल्ला, गस्तीची वही. फटाके आणि वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. लाईनवर साधारण किलोमीटरच्या अंतराने आपत्कालीन फोनचे सॉकेट आहेत. मोबाईलची रेंज बोगद्याच्या तोंडाशी आणि खोल कटिंगमध्ये जाते, तेव्हा ते सॉकेट कुठल्या खांबाशी आहे हे माहीत असणं उपयोगी पडतं.

आता दरड दिसली तर काय करायचं. हा क्रम जागेपणीच नाही, झोपेतही आठवला पाहिजे.

दगड हलवायला लागू नका. लाल दिवा त्या जागी लावून ठेवा. ज्या बाजूने गाडी आधी येणार, त्या बाजूला लाल दिवा हलवत पळत सुटा, जोडीदार दुसऱ्या बाजूला. पळता पळता स्टेशनला कळवा, कळवण्यासाठी थांबू नका. ६०० मीटरवर एक फटाका रुळाच्या डोक्यावर लावा, पट्ट्या खाली नीट वाकवून. तसेच पुढे १२०० मीटरपर्यंत जा आणि तिथे दहा-दहा मीटर अंतराने तीन लावा. मग फटाक्यांपासून ४५ मीटर लांब उभं राहून लाल दिवा दाखवत राहा. एकटे असाल तर आधी गाडी येणारी बाजू बंद करून मग दुसरीकडे वळा.

१२०० मीटर म्हणजे किती पावलं, हे उन्हाळ्यातच मोजून ठेवा. माझी कोरड्या सेसवर सोळाशेच्या आसपास भरायची, ओल्या खडीवर पावलं तोकडी पडतात, म्हणून मी अठराशे धरायचो. तुमची तुम्ही मोजा.

जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की चालक गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणतो. त्याच्या त्या धीमेपणाला तुमचा वेळेवर दिसलेला दिवा जोडला गेला, तरच गाडी वेळेत थांबते. म्हणून गस्तीच्या चार्टमध्ये लिहिलेली वेळ पाळा. पुढच्या गस्तवाल्याशी वही बदलण्याच्या जागी तो आला नाही, तर आला नाही असं कळवा. तो पाय घसरून पडलेला असू शकतो.

फुरसं, विंचू आणि पाय

कोकणात फुरसं फार. बोटभर जाडीचं, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारं, आणि खडीच्या ढिगात, स्लीपरच्या फटीत बसायला आवडणारं. ढिगात हात घालण्याआधी फावडं घाला. गमबूट घाला, घालण्याआधी झटका. चावलंच तर धावू नका, चिरा मारू नका, भगताकडे नेऊ नका; चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं, प्रतिसर्पविष तिथे मिळतं. लाल विंचवालाही हलक्यात घेऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर उपचार शोधला त्याआधी कोकणातली कितीतरी मुलं त्याने दगावत होती. तुमच्या बीटला जवळचा दवाखाना कोणत्या फाटकापासून गाठता येतो, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात संपतं. गस्त बंद होते, उरलेली वाळूची पोती परत येतात, वापरलेले फटाके वहीत जमा-खर्ची पडतात. त्याच आठवड्यात मुकादमाजवळ बसा आणि यंदा कुठल्या खांबाशी पाणी गढूळ झालं, कुठे खडे पडले, कुठली मोरी तुंबली, कुठल्या खुंट्यांमधलं अंतर वाढलं, ते किलोमीटरच्या क्रमाने एका कागदावर उतरवून घ्या. तो कागद हत्यारांच्या खोलीत, वहीच्या वर, खिळ्याला टांगा. दिवाळीनंतर पहिली पहार कुठे लावायची, ते त्यावरून ठरतं.